हाड मोडल्यानंतरची तपासणी: कुठे, कधी, कोणाकडे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. हाड मोडलेला माणूस माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा प्लास्टर सुटलेलं असतं किंवा टाके निघालेले असतात, आणि पुष्कळदा उशीरही झालेला असतो. का झाला म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘पुढं कुठं जायचं ते कुणी सांगितलंच नाही.’ काही वेळा खरोखरच सांगितलेलं नसतं. बहुतेक वेळा मात्र डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत, घाईच्या अक्षरात, आणि ते कार्ड मेडिकलच्या पिशवीत एक्स-रेच्या मागे घडी होऊन पडलेलं असतं. रुग्ण आणि नातेवाईक जे प्रश्न माझ्या टेबलापाशी बसून विचारतात, तेच इथे उत्तरांसह लिहिले आहेत.

घरी सोडताना काय विचारून घ्यायचं?

पुढची तारीख, कुठे यायचं आणि कोणाला दाखवायचं, हे तिन्ही. एवढं कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्डातून हलू नका. सिस्टरना किंवा तिथल्या निवासी डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘मराठीत वाचून दाखवा, मी लिहून घेतो.’ त्यांना घाई असते, पण यासाठी कोणी नाही म्हणत नाही.

याशिवाय हेही विचारा: टाके असतील तर ते कधी काढायचे (साधारण १० ते १४ दिवसांत निघतात) आणि गावातल्या सरकारी दवाखान्यात काढले तर चालेल का. पाय मोडला असेल तर त्यावर किती भार द्यायचा: अजिबात नाही, नुसता टेकवायचा, अर्धा, की पूर्ण. हात मोडला असेल तर बोटं, कोपर, खांदा यांपैकी काय आजपासून हलवायचं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो आणि त्याची किंमतही सगळ्यात जास्त मोजावी लागते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पहिली तपासणी कधी? दुखायचं थांबलं असेल तरी जायचं का?

जायचंच. दुखणं थांबणं आणि हाड जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मनगटाचं उदाहरण घ्या. शहाबादी फरशीवर पाय घसरून हातावर पडलेल्या बाईंचं मनगट मोडतं, डॉक्टर हाड ओढून जागेवर बसवतात आणि प्लास्टर घालतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सूज उतरते, प्लास्टर आतून सैल होतं आणि नीट बसवलेलं हाड पुन्हा सरकू शकतं. बाहेरून काहीच कळत नाही, दुखतही नाही. म्हणून आठवड्याने आणि बहुधा दुसऱ्या आठवड्यातही एक्स-रे काढायला बोलावतात. तेव्हा सरकलेलं दिसलं तर पुन्हा बसवता येतं. हाड जुळायला घेतं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्यानंतर सरकलेलं हाड बसवायचं म्हणजे जुळत आलेलं पुन्हा मोडायचं, बहुधा ऑपरेशन करूनच. ‘आठवड्यानं या’ या साध्या वाक्यामागे एवढं सगळं असतं.

सर्वसाधारणपणे पहिली भेट एक ते दोन आठवड्यांत, दुसरी सहा आठवड्यांच्या सुमारास, तिसरी तीन महिन्यांनी आणि पायाची मोठी हाडं असतील तर त्यापुढेही. मनगटाचं प्लास्टर सहा आठवड्यांच्या आसपास निघतं. नडगीचं हाड पूर्ण जुळायला चार महिने लागले तर घाबरायचं कारण नाही, जास्तही लागू शकतात. मुलांची हाडं मोठ्यांपेक्षा बरीच लवकर जुळतात. तारा (हाड धरून ठेवायला कातडीतून घातलेल्या) असतील तर त्या चार ते सहा आठवड्यांत काढतात, मुलांच्या कोपरात त्याआधीही. त्या काढण्याची तारीख चुकवू नका. तार जितकी जास्त दिवस राहील तितकी तिच्या तोंडाशी पू होण्याची भीती वाढते.

आणखी एक. अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय आणि पहिल्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, तरीही डॉक्टर प्लास्टर घालून १०-१४ दिवसांनी परत बोलावतात, असं कधी कधी होतं. लोकांना वाटतं, उगाच बोलावताहेत. मनगटातल्या एका छोट्या हाडाची चीर पहिल्या दिवशी खरंच दिसत नाही, दोन आठवड्यांनी दिसते. ते हाड जुळायचं राहिलं तर मनगट कायमचं दुखतं.

ऑपरेशन कोल्हापुरात झालं, घर चंदगडला. प्रत्येक वेळी एवढ्या लांब यायचं का?

नाही, प्रत्येक वेळी नाही. पण कोणत्या कामासाठी यायचं आणि कोणत्या नाही, हे आधी ठरवून घ्यायला हवं.

आपल्या जिल्ह्यात बारा तालुके. करवीर-हातकणंगल्याच्या माणसाला कोल्हापूर म्हणजे अर्धा-पाऊण तास; चंदगड-आजऱ्याच्या माणसाचा जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, आणि सोबत येणाऱ्याचाही. पट्टी बदलणं, टाके काढणं, रक्तदाब-साखर बघणं, गोळ्या पुढे चालू ठेवणं ही कामं जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होतात. एक्स-रे आणि हाडाच्या डॉक्टरांची तपासणी उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते. चंदगड-आजऱ्याच्या लोकांना गडहिंग्लज जवळ पडतं, इचलकरंजीच्या बाजूला इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, म्हणजे आयजीएम. जाण्याआधी फोन करून हाडाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात तेवढं विचारा, म्हणजे हेलपाटा होत नाही.

यासाठी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून उलटी चिठ्ठी घ्यावी लागते. वर पाठवतानाची चिठ्ठी सगळ्यांना ठाऊक आहे: ग्रामीण रुग्णालयातून ‘सीपीआरला घेऊन जा’ म्हणून मिळते ती (सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय). खाली पाठवतानाची चिठ्ठी मागावी लागते. त्यात ऑपरेशन कोणतं झालं, आत प्लेट आहे की रॉड की तारा, टाके कोणत्या तारखेला काढायचे, भार किती, आणि काय दिसलं तर परत पाठवायचं, एवढं असलं तरी पुरे. चार-पाच ओळी होतात. त्या नसतील तर गावातले डॉक्टर हात लावायला कचरतात, आणि ते बरोबरच आहे. आत काय केलंय हे माहीत नसताना त्यांनी निर्णय कसा घ्यायचा?

सहा आठवडे आणि तीन महिने या दोन भेटी शक्यतो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच करा. हाड जुळलं का, भार वाढवायचा का, हे तेव्हा ठरतं.

सीपीआरला परत जाताना कोणत्या वारी जायचं?

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांत प्रत्येक विभागात युनिटं (डॉक्टरांचे वेगवेगळे गट) असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार वेगळे. तुम्ही ज्या युनिटखाली दाखल होता त्याच्याच वारी जायचं. युनिट डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. दुसऱ्या वारी गेलात तर तपासतील, परत पाठवणार नाहीत. पण ज्यांनी ऑपरेशन केलं ते भेटणार नाहीत, आणि अवघड केस असेल तर ‘त्यांच्या वारी या’ असंच सांगतील. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, जुना केसपेपर आणि कार्ड सोबत ठेवा.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत (प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं) १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, त्यामुळे तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागले तर गोंधळून जाऊ नका.

सोबत काय न्यायचं?

सगळे एक्स-रे, अगदी पहिल्या दिवसाचासुद्धा. डॉक्टर नव्या एक्स-रेकडे जुन्याशी ताडूनच बघतात. एकटा नवा फोटो निम्मंच सांगतो. फिल्म उन्हात, चुलीजवळ किंवा गादीखाली ठेवू नका. खिडकीच्या उजेडावर धरून मोबाइलने फोटो काढून ठेवा, डिस्चार्ज कार्डाचाही काढा. पावसाळ्यात आमच्याकडे ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या फिल्म येतात, त्यातून काहीच वाचता येत नाही.

पैशांअभावी खाजगीतून सरकारीत जायचं असेल तर?

जाता येतं, कोणीही अडवू शकत नाही. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, एक्स-रे आणि आत घातलेल्या प्लेट-रॉडची माहिती (तिचा छोटा स्टिकर फायलीत लावतात) मागून घ्या. उद्या ती प्लेट काढायची वेळ आली तर कोणत्या बनावटीची आहे यावर कोणतं हत्यार लागेल हे ठरतं. बिल बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही.

योजनेतून ऑपरेशन झालं. पुढचं सगळंही फुकट का?

सगळं नाही, आणि इथेच पुष्कळ लोक अडकतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना (२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली) आणि आयुष्मान भारत यांतून ठरलेल्या ऑपरेशनांचं पॅकेज मिळतं. त्यात प्लेट-रॉडचा खर्च, औषधं आणि डिस्चार्जनंतरच्या सुरुवातीच्या काही दिवसांची तपासणी धरलेली असते. महिनोन्‌महिने चालणारी फिजिओथेरपी त्यात धरलेली नसते. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा की कोणत्या तारखेपर्यंत मोफत आहे. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८.

रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्र सरकारची कॅशलेस योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. तिच्यातून ठरलेल्या दवाखान्यात १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण अपघातापासून ७ दिवसच. हाड जुळायला लागतात महिने. म्हणजे पुढच्या तपासण्यांची सोय वेगळी बघावी लागते, आणि त्यासाठी सरकारी ओपीडीचाच मोठा आधार आहे.

प्रवासाचंही लिहिते, कारण भाडं नाही म्हणून तारीख चुकवलेली माणसं मी रोज बघते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्ध्या तिकिटात. १०८ ची रुग्णवाहिका तातडीसाठी असते, तपासणीच्या फेऱ्यांसाठी मिळत नाही.

तारखेची वाट न बघता लगेच कधी निघायचं?

प्लास्टर घातलेल्या हाताची किंवा पायाची बोटं निळी-पांढरी पडली, गार झाली, बधिर झाली. गोळी घेऊनही कळ वाढतच चालली आणि बोट नुसतं कोणी सरळ केलं तरी जीव जातो. ही कळ वेगळी असते. आत दाब वाढून रक्त पोचेनासं होतं आणि साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतात. ‘सकाळी बघू’ म्हणायची ही वेळ नाही. कोल्हापूर गाठत बसू नका, जो दवाखाना जवळ आहे तिथे जा. प्लास्टर चिरून सैल करणं कोणत्याही दवाखान्यात होतं. त्यानंतर १०८ ने पुढे.

पोटरी एकाच बाजूची सुजून कडक झाली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तरी लगेच जा. पायातल्या शिरेत झालेली गुठळी फुप्फुसाकडे गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

जखमेतून पाणी किंवा पू, ताप, प्लास्टरमधून वास, प्लास्टर भिजलं किंवा तुटलं, यासाठी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जा. प्लास्टरमध्ये खाज सुटली म्हणून पट्टी, विणायची सुई, झाडूची काडी घालू नका. आत जखम होते आणि ती प्लास्टर कापल्यावरच दिसते.

फिजिओथेरपीची चिठ्ठी कोण देतं? ती घ्यायलाच हवी का?

हाडाचे डॉक्टर देतात. दिली नाही तर मागा. त्या चिठ्ठीत हाड कितपत जुळलंय आणि काय करायचं नाही हे दोन मुद्दे असले की आम्ही काम सुरू करू शकतो.

थोडं विस्ताराने लिहिते, कारण माझा जीव इथे गुंतलेला आहे. गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूच्या एका मावशी आल्या. भाताच्या चिखलात घसरून मनगट मोडलं होतं. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, हाड छान जुळलेलं. एक्स-रे बघून कोणीही म्हणेल, झकास. पण त्या सहा आठवड्यांत त्यांनी हात झोळीत ठेवला तो ठेवला. बोट हलवलं नाही, खांदा हलवला नाही, ‘हाड सरकंल’ म्हणून. माझ्यासमोर हात ठेवला तेव्हा बोटं सुजून सारखी, कातडी ताणून चकचकीत, मूठ अर्ध्यावरच थांबायची. मी म्हटलं, तळहात वर करा, प्रसाद घ्यायला करतो तसा. हात कुशीवरच अडला. अंबाबाईचा प्रसाद डाव्या हाताने कसा घ्यायचा, म्हणून त्या रडल्या.

हे टाळता आलं असतं. प्लास्टरमध्ये फक्त मनगट बांधलेलं असतं. बोटं, कोपर, खांदा मोकळे असतात आणि डॉक्टरांनी मुद्दाम नको म्हटलं नसेल तर ते पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात. दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ, दहा वेळा पूर्ण सरळ बोटं. दिवसातून चार-पाच वेळा हात डोक्याच्या वर. रात्री उशीवर हात छातीच्या उंचीच्या वर ठेवायचा, म्हणजे सूज उतरते. बोट हलवल्याने मनगटाचं हाड सरकत नाही.

प्लास्टर निघाल्यावर हात बारीक दिसतो, कातडी सोलते, केस वाढलेले असतात. हे सगळ्यांचं होतं. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडमीट, मग मऊ कणकेचा गोळा दाबायचा, मग कपडे पिळायचे. मावशींचं आम्ही ठरवलं होतं, भाकरी थापता आली की माझं काम संपलं. भाकरीला मनगट मागे वाकावं लागतं, बोटं पसरावी लागतात, तळवा सपाट पडावा लागतो, भार घ्यावा लागतो. तपासणीची यापेक्षा चांगली रीत मला सापडलेली नाही. अडीच महिने लागले. प्लास्टरच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठी मिळाली असती तर बहुधा त्याच्या निम्म्यात झालं असतं.

कोणाला रोज येणं जमत नाही, हे आम्हालाही कळतं. दोन-तीन बैठकांत व्यायाम शिकून घ्या, सोबतच्या माणसाला मोबाइलवर चित्रित करू द्या, घरी करा, आणि पंधरा दिवसांनी दाखवून जा. पुष्कळांना एवढ्यावर भागतं. सूज आणि आग एकदम वाढली, हाताला वारं लागलं तरी सोसेनासं झालं, तर मात्र पंधरा दिवस थांबू नका.

प्लास्टर निघाल्यावर हाडवैद्याकडून मालिश करून घ्यावी का?

नको. विशेषतः कोपराला अजिबात नको. आपल्याकडे तालमीची परंपरा मोठी. उतरलेला खांदा वस्तादाने बसवल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत, आणि त्या अनुभवाचा मला आदर आहे. पण मोडून जुळलेल्या कोपरावर तेल लावून जोराची मालिश केली, तो जोरात ताणला, तर स्नायूंत हाडासारखा कडक थर तयार होऊ शकतो आणि कोपर जास्तच आखडतो. मुलांचे असे कोपर मी बघितलेत. दहा वर्षांच्या मुलाचा हात तोंडापर्यंत पोचत नाही, हे बघवत नाही.

ताज्या फ्रॅक्चरवर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या तर धोका त्याहून मोठा. वर लिहिलेलं दाब वाढण्याचं संकट त्यातून येतं आणि हात गमावायची पाळी येऊ शकते. आधीच बांधून घेतलं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. ते रागावले तरी सांगा.

आई साठीच्या पुढची आहे, साधं पडून मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांशिवाय आणखी कोणाकडे दाखवायचं का?

हो. हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात, म्हणून विचारल्याबद्दल बरं वाटतं.

उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीनंतर हाड मोडलं तर ते हाड आधीच ठिसूळ झालेलं असण्याची शक्यता बरीच असते. मनगट ही पहिली खूण असते. एकदा असं मोडलं की पुढे दुसरं हाड मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि पुढचं हाड बहुधा मणका किंवा खुबा असतो. खुबा मोडला की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं आणि त्यातून उठतंच असं नाही. मनगटाच्या वेळी कोणी पुढचं बघितलं असतं तर, असं खुब्याच्या पेशंटकडे बघून मला दर वेळी वाटतं.

म्हणून सहा आठवड्यांच्या भेटीत स्वतःहून विचारा, ‘हाडाच्या घनतेची तपासणी करायची का? ड जीवनसत्त्व बघायचं का?’ कॅल्शियमच्या गोळ्या सगळेच देतात, पण त्या पुरत नाहीत. ठिसूळपणा निघाला तर हाड धरून ठेवणारं औषध वेगळं असतं. त्यात आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन. ते हाडाचे डॉक्टर देतात किंवा फिजिशियनकडे चिठ्ठी देतात. शिवाय आई कशामुळे पडल्या, हे शोधा. मोतीबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेतल्यावर उठताना चक्कर येत असेल तर ज्यांनी ती दिली त्यांच्याकडे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, कारण त्याने जखम आणि हाड दोन्ही रेंगाळतात. आणि घरी न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवा, ओल्या फरशीवर पाय न घसरणारी चप्पल द्या.

मुलाचं हाड जुळलं. पुढे कशाला बोलावतात?

सांध्याजवळ हाड वाढवणारा भाग असतो. तिथे इजा झाली असेल तर हाड जुळूनही पुढे वाकडं किंवा आखूड वाढू शकतं, आणि ते सहा महिने-वर्षभराने दिसतं. म्हणून.

ऊसतोडीला आलेला माणूस, हंगाम संपून गावी चालला. पुढची तपासणी कोण करणार?

बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली टोळी कारखाना बंद झाला की दुसऱ्या दिवशी निघते. पायात रॉड घातलेला माणूसही त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातो. तिकडे कोणाला काही ठाऊक नसतं. अशांनी हंगाम संपायच्या आठवडाभर आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना भेटून ‘यांना पुढे बघावं’ अशी चिठ्ठी, गावाजवळच्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयासाठी घ्यावी. मुकादमाने आठवण ठेवून हे करवून घेतलं तर फार मोठं काम होईल. पट्टी कधी, एक्स-रे कधी, भार कधी, एवढं त्यात हवं. फोनवरून सल्ला घ्यायला सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, पण हाड दुरून तपासता येत नाही. तिचा उपयोग एवढाच की तुम्ही काय करावं हे विचारायला माणूस भेटतो.

सीमेपलीकडून, निपाणी-बेळगावकडून किंवा घाट उतरून सिंधुदुर्गातून येणाऱ्यांनाही हीच चिठ्ठी लागते.

पावसाळ्यात पुराने रस्ता बंद झाला तर?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात आम्ही हे भोगलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळीवर येते, ४३ ला धोका पातळीवर. तुमची तारीख त्या आठवड्यात असेल आणि पाणी चढत असेल तर दोन-तीन दिवस आधीच जाऊन या. नाहीतर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढून फोनवरून दाखवा. टाके आठवडाभर उशिरा निघाले तर चालतं. मनगटाचा पहिल्या पंधरा दिवसांतला एक्स-रे मात्र चुकवू नका.

कामावर कधी जाता येईल? कागद काय लागतात?

काय काम आहे त्यावर. टेबलावरच्या कामावर मनगटाचा पेशंट काही आठवड्यांत जातो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत उचलायचं काम असेल तर पाय मोडलेल्याला चार-सहा महिने लागू शकतात. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापली जात असेल तर त्यांच्या डॉक्टरांचा रजेचा दाखला घ्या. आजारपणात रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतं. कामावर असताना लागलं असेल तर ९० टक्के, आणि तो काळ हाड बरं होईपर्यंत. प्रत्येक तपासणीचा कागद त्यासाठी लागतो, एखादी भेट चुकली की तेवढा काळ सिद्ध करणं जड जातं.

रस्त्यावरच्या अपघातात दवाखान्याने पोलिसांना कळवलेलं असतं, एमएलसी म्हणतात ते. तो नंबर लिहून ठेवा. नुकसानभरपाईच्या दाव्यात डिस्चार्ज कार्डापासून शेवटच्या एक्स-रेपर्यंत सगळं विचारतात.

पायाचं सूप, तंबाखू?

पाया सूप खा, चांगलं लागतं, पण त्याने हाड लवकर जुळतं असं नाही. दूध, डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिनं उपयोगी. तंबाखू, मिश्री आणि बिडी मात्र हाड जुळणं खरोखर लांबवतात. मिश्री लावणाऱ्या बायका आमच्यासमोर ती लपवतात. लपवू नका, सांगा. सहा आठवडे जरी थांबवली तरी फरक पडतो.

प्लेट-रॉड काढावी लागते का?

मोठ्यांमध्ये त्रास नसेल तर नाही. मुलांमध्ये बहुधा काढतात.

तारीख चुकली, दोन महिने झाले. आता गेलं तर डॉक्टर रागावतील.

कदाचित रागावतीलही. तरी जा. दोन महिन्यांनी आलेल्या माणसासाठीही काही ना काही करता येतं: एक्स-रे, व्यायाम, गरज पडली तर दुसरा निर्णय. सहा महिन्यांनी आलेल्यासाठी पर्याय कमी उरतात. सोबत हाताशी असतील तेवढे कागद न्या. नसतील तर ज्या दिवशी, ज्या दवाखान्यात दाखल होता त्याची तारीख सांगा, रेकॉर्ड रूममधून कागद शोधता येतात. मागच्याच आठवड्यात एक तरुण तीन महिन्यांनी आला, घोट्यात प्लेट, पायाला अजून कुबडीच. भार टाकायला परवानगी आहे का हे त्याला माहीतच नव्हतं, म्हणून त्याने टाकला नव्हता. त्याच्या कार्डावर सहा आठवड्यांनी अर्धा भार टाकायला सांगितलं होतं. मी ते त्याला वाचून दाखवलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक्स-रे बघून होकार दिला, आणि त्या दुपारी तो भिंत धरून चार पावलं चालला.